वाढीव खोलीचा प्रश्न

देशाच्या शहरी भागात घरांची टंचाई किती आहे, याचा अंदाज करण्यासाठी केंद्र शासनाने प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली एक तांत्रिक गट नेमला होता. बारावी पंचवार्षिक योजना सुरू होत असताना, २०१२ साली, त्या गटाने आपला आकडा सांगितला. एकूण टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची. हा आकडा पुढे बराच काळ मंत्र्यांच्या भाषणांत आणि बांधकाम व्यावसायिकांच्या निवेदनांत फिरत राहिला. त्याच तक्त्यातला पुढचा रकाना मात्र फारसा कोणी वाचून दाखविला नाही. या टंचाईपैकी खरोखर बेघर असलेली कुटुंबे ५ लाख ३० हजार, दुरुस्तीपलीकडची कच्ची घरे ९ लाख ९० हजार आणि वयाने जीर्ण झालेली घरे २२ लाख ७० हजार. उरलेली १ कोटी ४९ लाख ९० हजार कुटुंबे, म्हणजे दर पाचांतील चार, टंचाईत मोजली गेली ती घर नाही म्हणून नव्हे, तर घरात दाटी आहे म्हणून. दाटीची कसोटीही साधी होती. घरातील प्रत्येक विवाहित जोडप्यास निजावयास स्वतंत्र खोली आहे की नाही, एवढेच पाहावयाचे.

या रकान्याचा अर्थ ज्याने चार सामान्य घरे आतून पाहिली आहेत त्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. धाकट्या मुलाचे लग्न ठरते आणि पत्रिका छापण्यापूर्वी गवंड्याला बोलावणे जाते. ओसरीला भिंत घालून खोली होते, परसातल्या गोठ्यावर पत्रे चढतात, नाही तर माजघरात दोरी बांधून तिच्यावर लुगडे टाकले जाते आणि थोरल्यांनी ओट्यावर निजावे असे ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. ग्रामीण भागात हे प्रमाण शहरांपेक्षा अधिक होते. आणि त्याच जनगणनेनुसार ग्रामीण भागातील शंभरांपैकी जवळजवळ ९५ कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होती. दोन्ही आकडे एकत्र ठेवले म्हणजे प्रश्नाचे खरे रूप दिसते. घर आहे, ते जुने आहे, वडिलोपार्जित आहे, अपुरे आहे. त्याला एक खोली हवी आहे, एक न्हाणीघर हवे आहे आणि छप्पर धड व्हावयास हवे आहे.

शासनाच्या घरबांधणीच्या योजनांना ही गोष्ट कधीच पुरती उमगली नाही. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत १९९९-२००० पासून काही हिस्सा कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी राखून ठेवण्यात आला होता. तेवढी एक फट होती. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने घेतली. तीत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये अनुदान ठरले, घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले, आणि घर म्हणजे नवे घर हेही ठरले. शहरांसाठीच्या योजनेत, २०१५ पासून, असलेल्या घरात किमान ९ चौरस मीटर चटईक्षेत्राची भर घालणाऱ्यासही साहाय्य मिळण्याची तरतूद होती. तरतूद शहाणपणाची होती; पण तिच्या दाराशी जागेच्या मालकीच्या निर्विवाद कागदाची अट उभी होती, आणि जुन्या घरांची सारी अडचण तेथूनच सुरू होते. खेड्यातील माणसाला तेवढीही सोय नाही. ज्याच्या दोन भिंती चांगल्या आहेत, जोते शाबूत आहे, सागवानी खांब आणखी पन्नास वर्षे टिकतील असे आहेत, त्याला शासन सांगते की हे सारे विसर आणि शेजारी एक नवी पेटी बांध. जुन्या घरात गुंतलेले भांडवल राष्ट्राच्या संपत्तीचा भाग आहे, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. नियोजनात मात्र तिला जागा सापडत नाही.

हे भांडवल कसे उभे राहिले हे मराठवाड्यातील जुन्या माळवदी घरावरून पाहण्यासारखे आहे. तेथे घर खणांनी मोजतात. पाच खणांचे घर, सात खणांचे घर. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी दरसाल या थरावर नवी माती पडे. कुटुंब वाढले की खण वाढत. वाटण्या झाल्या की चौकात भिंत उठे आणि एका चुलीच्या दोन चुली होत. असे घर एका पिढीने बांधलेले नसते. त्याचा नकाशा म्हणजे त्या कुटुंबाची वंशावळच असते. कोणती खोली कोणाच्या लग्नाच्या वेळी झाली हे म्हाताऱ्या बायका अचूक सांगतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासच्या गावांत ही घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप मध्यम तीव्रतेचा होता. मनुष्यहानी मात्र भयंकर झाली. भिंतींचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर मातीने सांधलेले होते, त्यांना एकत्र धरणारे आरपार दगड नव्हते, आणि माथ्यावर वर्षानुवर्षे साचत गेलेल्या मातीचे ओझे होते. जेथे छप्पर भिंतींवर न टेकता लाकडी खांबांच्या सांगाड्यावर उभे होते, तेथे भिंती ढासळूनही काही ठिकाणी माणसे वाचली. म्हणजे जुन्या घराची सारी रचना चुकीची नव्हती. तिच्यातले काय राखावे आणि काय काढून टाकावे, हे सांगणारे कोणी नव्हते.

नंतर जे घडले त्याचे दोन भाग आहेत, आणि सार्वजनिक स्मृतीत त्यांतला एकच राहिला आहे. जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. रुंद रस्ते, सरळ रेघांत घरे. या नव्या गावांत कुटुंबाला किती मोठे घर मिळावयाचे, हे त्याच्याकडे जमीन किती यावर ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकास २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यास ४००, आणि ७ हेक्टरांवर जमीन असणाऱ्यास ७५०. भूकंपाने सर्वांना एका रात्रीत सारखे केले होते. शासनाने पूर्वीची उतरंड सिमेंटमध्ये पक्की करून दिली. २५० चौरस फुटांच्या घरात मुलगा कर्ता झाला की काय व्हावयाचे, याचा विचार आराखड्यात नव्हता. तो लोकांनी केला. घरांपुढे पत्र्याच्या पडव्या आल्या, मागे चुली आल्या, बाजूला गोठे आले.

दुसरा भाग कमी दिमाखाचा आणि अधिक मोलाचा होता. त्याच कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांतील सुमारे अडीच हजार गावांत दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुती, लोक जेथे राहत होते तेथेच, हाती घेण्यात आली. घरमालकाने स्वतः काम करावयाचे, पैसा टप्प्याटप्प्याने मिळावयाचा, अभियंत्याने गावात येऊन पाहावयाचे. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणे, खांब आणि तुळई यांच्या जोडावर तिरके आधार देणे, दारे-खिडक्यांच्या वर साऱ्या घराभोवती सलोह काँक्रीटचा पट्टा फिरविणे, अशी ही कामे होती. गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या आणि पैसा कोठे अडला, सिमेंट कोठे मुरले, हे अधिकाऱ्यांना विचारू लागल्या. दगडमातीच्या घरांच्या दुरुस्तीची आणि बळकटीची भारतीय मानकेही त्याच १९९३ साली निघाली होती. म्हणजे ज्ञान होते, पैसा होता, माणसे होती, आणि जुने घर आहे त्या जागी सुधारणे सार्वजनिक पातळीवर शक्य आहे हे सिद्ध झाले होते. कार्यक्रमाची मुदत संपली आणि ही व्यवस्था विस्कटली. तालुक्याच्या ठिकाणी कायमची यंत्रणा म्हणून ती रुजली नाही. धरणग्रस्तांच्या आणि दुष्काळग्रस्तांच्या बाबतीत जे वारंवार दिसते तेच येथेही दिसले. संकटाला खाते असते, रोजच्या गरजेला नसते.

आज त्या पट्ट्यात आणि अन्यत्रही जुनी घरे वाढत आहेत ती कोणाच्याही सल्ल्यावाचून. किल्लारीचा धडा लोकांनी एवढाच घेतला की दगडमाती वाईट आणि स्लॅब चांगला. त्यामुळे पुष्कळदा जुन्या मातीच्या सांध्यांच्या भिंती तशाच ठेवून त्यांच्यावर काँक्रीटचा स्लॅब ओतला जातो. दोन खोल्या मिळाल्या असे घरच्यांना वाटते. वस्तुतः मातीचे ओझे जाऊन तिच्या जागी दुसरे जड ओझे त्याच भिंतींच्या माथ्यावर आलेले असते. गवंड्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो बापाच्या हाताखाली शिकला आणि शहरातल्या बांधकामावर मजुरी करताना जे पाहिले ते गावात करू लागला. केरळात १९८५ साली अच्युत मेनन, अर्थतज्ज्ञ के. एन. राज आणि वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी मिळून ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था काढली ती नेमक्या याच जागेवर बोट ठेवून. स्थानिक साहित्य, स्थानिक गवंडी आणि त्यांच्या हाताला तंत्रज्ञानाची जोड. अर्थशास्त्राचा एक मोठा पंडित विटा आणि चुन्याच्या हिशेबात लक्ष घालतो, हे दृश्य महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पाहावयास मिळाले असते तर बरे झाले असते.

पैशाकडे वळले की वर्गभेद अधिक स्पष्ट होतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला घर वाढविण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत अग्रिम मिळू शकतो. संघटित कामगाराला भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेत घरातील वाढ आणि फेरबदलांसाठी स्वतःच्या ठेवीतून रक्कम उचलण्याची सोय मिळाली. ती कामगार चळवळीच्या बळावर मिळालेल्या गोष्टींपैकी एक आहे. शेतमजूर, अल्पभूधारक, बांधकाम कामगार, घरकाम करणारी बाई यांना यांपैकी काही नाही. त्यांची वाढीव खोली भिशीतून, पतसंस्थेच्या महाग कर्जातून, उसाच्या टोळीच्या मुकादमाने दिलेल्या उचलीतून आणि बायकोच्या सोन्यातून उभी राहते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिमेंट सर्वांत वरच्या, २८ टक्क्यांच्या, पायरीवर बसविण्यात आले आणि सोन्याच्या दागिन्यांवर ३ टक्के कर लागला. आठ वर्षे हे असेच होते; सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंट १८ टक्क्यांवर आले. म्हणजे तोवर बांगडी घेताना ३ टक्के, आणि तीच बांगडी गहाण टाकून सिमेंट आणावे तर २८ टक्के, असा हिशेब होता.

बँकेच्या दारात गेलेला माणूस परत येतो तो कागदासाठी. गावठाणातील घराला सात-बारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत त्याची नोंद असते, पण ती करआकारणीची नोंद. तिच्याने मालकी सिद्ध होत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने जाहीर केलेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्तापत्रके देण्याचे काम सुरू झाले. महाराष्ट्रात हे प्रयोग त्याआधीच पुणे जिल्ह्यात होऊ लागले होते. हे काम आवश्यक होते, त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ड्रोनला भिंती दिसतात, वारस दिसत नाहीत. पत्रकावर नाव चढते ते बहुधा जुन्या नोंदीवरचे, आणि जुन्या नोंदीवर नाव असते ते वडिलांचे किंवा थोरल्या भावाचे.

येथून पुढे जे घडते ते घराघरांत घडते आणि त्याची चर्चा होत नाही. वडील वारलेले असतात. भाऊ घर वाढवू इच्छितो. त्याची गरज खरी असते. बँकेचा वकील सांगतो की साऱ्या वारसांचा प्रश्न मिटवून आणा. मग लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणींना निरोप जातो. त्या येतात, तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बाकावर बसतात, अंगठा किंवा सही करतात, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. भावाला घर वाढवावयाचे आहे एवढेच त्यांना सांगितलेले असते, आणि ते खरेही असते. आपण वडिलांच्या मिळकतीतील हिस्सा कायमचा सोडला, हे कित्येकींना भाऊबंदकीत तंटा झाल्यावर कळते. ज्यांना कळते त्याही सही करतात, कारण न करणारीला माहेर राहत नाही. दिवाळीचे दोन दिवस, बाळंतपण, नवऱ्याने टाकले तर परतण्याची एक जागा, एवढ्या सगळ्यांची किंमत म्हणून ती सही घेतली जाते. आणि शासन या व्यवहाराला मदतच करते. घर विकावयाचे तर मुद्रांकशुल्क मूल्याच्या टक्केवारीने मोजावे लागते; बहिणीने भावाच्या लाभात वडिलोपार्जित हक्क सोडावयाचा तर २०२४ पर्यंत २०० रुपयांच्या मुद्रांकावर काम होत असे, आता ५०० रुपये लागतात.

या घराच्या बाबतीत कायद्याने स्त्रीला किती उशिरा आत घेतले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. हिंदू कोड बिलाची वासलात पाहून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५६ साली उत्तराधिकाराचा कायदा झाला, मुलीला वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत वाटा मिळाला. पण त्याच कायद्याच्या कलम २३ ने राहते घर वेगळे काढले. कुटुंब ज्या घरात राहते त्याची वाटणी मुलीने मागावयाची नाही, पुरुष वारसांना वाटणी करावीशी वाटेल तोवर थांबावयाचे. राहण्याचा हक्क कोणाला, तर अविवाहित, टाकलेल्या, विभक्त झालेल्या किंवा विधवा मुलीला. म्हणजे संसार नीट चाललेल्या मुलीचे त्या घरात काही नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायाद केले, पण त्यापूर्वी विवाह झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ते वगळणे गेले आणि कलम २३ ही गेले. त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असावयास हवे होते की काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मुलींच्या बाजूने संपविला. अर्धशतकाहून अधिक काळ लढून मिळालेला हा हक्क वाढीव खोलीच्या निमित्ताने एका दुपारी हातचा जातो. मुस्लिम कुटुंबांत मुलीचा वाटा व्यक्तिगत कायद्याने मुलाच्या निम्मा. तोही असाच सुटतो.

भावाची बाजू नसते असे नाही. म्हाताऱ्या आईबापांना त्याने सांभाळलेले असते, वडिलांचे कर्ज त्याने फेडलेले असते, बहिणींच्या लग्नांचा खर्च त्याच्या अंगावर पडलेला असतो. लग्नाच्या जेवणावळीत गेलेला पैसा म्हणजे मुलीला दिलेली मिळकत, हा युक्तिवाद मात्र मान्य करता येणार नाही. तो पैसा तिच्या हाती कधी आलाच नव्हता. त्याची खरी भीती वेगळी असते. आपण पै-पै जोडून खोली बांधावयाची आणि उद्या मेहुण्याने येऊन तिच्यात वाटा मागावयाचा, किंवा हिस्सा परक्याला विकून त्याला चौकात आणून बसवावयाचे. या भीतीवर कायद्यात उत्तरे आहेत आणि ती जुनी आहेत. १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ नुसार राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेऊन वाटणी मागितली तर घरच्या भागीदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीला स्वतः घेता येतो. उत्तराधिकार कायद्याचे कलम २२ सहवारसाला हिस्सा विकत घेण्यात पहिला मान देते. आणि वाटणीच्या वेळी ज्या भागीदाराने स्वतःच्या पैशाने सुधारणा केली, शक्य असेल तेथे सुधारलेला भाग त्याच्याच वाट्याला द्यावा, नाही तर त्याची भरपाई करावी, हे न्यायालये न्यायबुद्धीने पाहतात. बहिणींनी हक्क सोडण्याची गरज त्यामुळे राहत नाही. त्यांनी गहाणाला संमती द्यावी, कर्जाची फेड भाऊ करील आणि वाढीव बांधकामाचा खर्च त्याच्या नावे धरला जाईल असे लिहून घ्यावे, एवढ्याने बँकेचेही काम भागावयास हवे. बँकांना हक्कसोड सोयीची पडते, कारण एका माणसाशी व्यवहार करणे सोपे. सहकारी पतसंस्था आणि जिल्हा बँका यांच्या संचालक मंडळांवर बसलेल्या पुरोगाम्यांनी तरी हा सोपेपणा नाकारावयास काय हरकत आहे?

नव्या घरकुलाच्या बाबतीत शासनाने नियमच केला आहे की ते पती-पत्नींच्या संयुक्त नावाने किंवा स्त्रीच्या नावाने द्यावे. जुन्या घराला असा नियम लागू नाही. पतीबरोबर पत्नीचे नाव ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लावता येते. ‘घर दोघांचे’ या घोषणेखाली महिला संघटनांनी हे काम राज्यात नेटाने केलेले आहे. त्याआधी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावयास लावले होते. त्या संघटनेच्या अर्थकारणाशी मतभेद असणाऱ्यांनीही ही मोहीम अभ्यासावी, कारण तीत पुरुषांना पटवून देण्याचे काम पुरुषांनी केले होते.

घर कोणाचे हा प्रश्न सुटला नाही म्हणजे घरात आधी काय सुधारावयाचे हेही चुकीचे ठरते. पैसा आला की प्रथम दर्शनी भाग बदलतो. ओसरीला ग्रिल, बैठकीला फरशी, दाराला कमान. स्वयंपाकघराची पाळी शेवटी येते आणि पुष्कळदा तेथवर पैसा पुरत नाही. लोहिया संसदेत आणि बाहेर ग्रामीण स्त्रियांच्या शौचालयांविषयी आणि चुलीच्या धुराविषयी पुन्हा पुन्हा बोलत, तेव्हा अनेक विद्वानांना ते विषय क्षुद्र वाटले होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाची गंमत अशी की स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे कल्पित भाडे त्यात धरले जाते. त्याच घराच्या भिंती लिंपणाऱ्या, जमीन सारवणाऱ्या, दरसालची डागडुजी करणाऱ्या बाईचे श्रम धरले जात नाहीत. घराला किंमत आहे, ते उभे ठेवणारीच्या श्रमाला नाही. तिला विचारले तर ती पहिल्याने न्हाणीला दार मागेल, मग ओट्याजवळ खिडकी, मग घरात पाणी. ग्रिल मागणार नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ग्रामीण आवास योजनेखाली २०२९ पर्यंत आणखी २ कोटी घरे बांधण्यास मंजुरी दिली आहे. त्यांतील काही भाग तरी असलेल्या घरात एक खोली, एक न्हाणीघर आणि भिंतींची मजबुती यांसाठी वेगळा काढावा, त्यासोबत तालुक्याला एक अभियंता आणि गवंड्यांचे प्रशिक्षण द्यावे, आणि असे साहाय्य घेणाऱ्या घराच्या नोंदीत पत्नीचे नाव असावे व बहिणींचे कायम राहावे, ही मागणी अवाजवी नाही. एका नव्या घरकुलाच्या पैशात जुन्या घरांना दोन खोल्या सहज होतील, कारण जोते, निम्म्या भिंती आणि जागा तयारच असतात. अर्थखात्याला पटावा असा हा हिशेब आहे. तो अजून कोणी मांडत नाही याचे कारण एवढेच की नव्या घरांचे उद्घाटन करता येते.

तोवर गावातल्या कार्यकर्त्याला एक गोष्ट करता येईल. पुढच्या ग्रामसभेत नमुना ८ ची नोंदवही मोठ्याने वाचून दाखवावी अशी मागणी त्याने करावी, आणि शेजारी कोणाला तरी कागद-पेन्सिल घेऊन बसवावे. किती घरांवर बाईचे नाव आहे, किती घरांवर मेलेल्या बापाचेच नाव चालू आहे, आणि गेल्या पाच वर्षांत किती नावे हक्कसोडीने गळाली, हे तासाभरात मोजून होते. मोजताना त्याने स्वतःच्या घरापासून आरंभ केलेला बरा. बहिणी ते ऐकायला येतीलच असे नाही, पण त्यांना बोलावणे तरी पाठवावे.